सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर किती बर्फ उरेल? उपग्रहांच्या नोंदींवरून अंदाज बांधण्याची पद्धत

आर्क्टिक महासागरावरचा बर्फ मार्चमध्ये सर्वांत जास्त पसरलेला असतो आणि सप्टेंबरच्या मध्याला सर्वांत कमी. अलीकडच्या वर्षांत मार्चचा आकडा १४ ते १५ दशलक्ष चौरस किलोमीटर असतो, तर सप्टेंबरचा बहुतेकदा ४ ते ५ दशलक्ष. हा सप्टेंबरचा आकडा जूनअखेर किंवा जुलैअखेर सांगता येतो का, हे पाहण्यासाठी २००८पासून दर उन्हाळ्यात जगभरचे संशोधक गट ‘सी आइस आउटलुक’ या सामाईक उपक्रमात आपापले अंदाज मांडत आले आहेत. त्यासाठी लागणारी मूळ माहिती कोणालाही विनामूल्य मिळते. पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा वापरता येत असेल, तर साध्या लॅपटॉपवरही व्यवस्थित तपासलेला अंदाज तयार होतो.

यातले गणित पदवीच्या संख्याशास्त्रापलीकडे जात नाही. अंदाज बिघडतात ते फाइलींतल्या खाचाखोचा न कळल्याने, आणि मुळात कोणता बर्फ मोजायचा याचा विचार न केल्याने. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

नेमके काय वर्तवायचे

‘बर्फ किती’ याची दोन मापे प्रचलित आहेत: विस्तार आणि क्षेत्रफळ. उपग्रहाची माहिती २५ बाय २५ किलोमीटरच्या चौकोनांत येते. चौकोनात १५ टक्के किंवा त्याहून जास्त बर्फ असेल तर तो अख्खा चौकोन विस्तारात धरतात. १५ टक्क्यांखाली असेल तर शून्य. क्षेत्रफळात मात्र जेवढा बर्फ तेवढाच मोजतात. समजा एका चौकोनात ४० टक्के बर्फ आहे. विस्तारात त्याचे ६२५ चौरस किलोमीटर धरले जातील, क्षेत्रफळात २५०. 

अंदाजाचे लक्ष्य म्हणून सप्टेंबर महिन्याचा सरासरी विस्तार घ्या. एका दिवसाचा नीचांक वाऱ्यावर फार हलतो. महिन्याच्या सरासरीत हा गोंधळ बराच निवळतो. दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नका. २०१२ हे आजवरचे सर्वांत कमी बर्फाचे वर्ष. त्यातला एका दिवसाचा नीचांक १७ सप्टेंबरला ३.३९ दशलक्ष चौरस किलोमीटर होता. सप्टेंबरची सरासरी मात्र त्या वेळी ३.६१ म्हणून जाहीर झाली, आणि आपण पुढे उतरवणार असलेल्या फाइलींच्या तिसऱ्या आवृत्तीत तीच ३.५७ आहे. दोन सरासऱ्यांतला फरक पद्धतीचा आहे. पूर्वी आधी बर्फाच्या प्रमाणाची मासिक सरासरी काढून तिच्यावरून विस्तार मोजत. त्यामुळे महिनाभर सरकत राहिलेली कड सरासरीत पसरट व्हायची आणि आकडा फुगायचा. २०१७पासून रोजचा विस्तार मोजून त्याची सरासरी घेतात. म्हणून जुन्या लेखातला आकडा आणि नव्या फाइलीतला आकडा एकाच तक्त्यात ठेवू नका. सगळी वर्षे एकाच आवृत्तीतून घ्या.

उपग्रहाला काय दिसते

आर्क्टिकवर सहा महिने अंधार आणि उन्हाळ्यात बहुतेक दिवस ढग, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यावर अखंड नोंद उभी राहत नाही. पृष्ठभागातून आपोआप बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजणारे उपकरण लागते. १९७८च्या अखेरीस अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहावरच्या एसएमएमआर या उपकरणाने ही नोंद सुरू केली. १९८७मध्ये एसएसएम/आय आले, पुढे एसएसएमआयएस, आणि २०१२पासून जपानचे एएमएसआर-२.

उपकरण ‘दीप्ति तापमान’, म्हणजे आलेल्या सूक्ष्मलहरींची तीव्रता तापमानाच्या रूपात, केल्विनमध्ये देते, आडव्या आणि उभ्या ध्रुवीकरणात वेगवेगळे. १९ गिगाहर्ट्झला मोकळ्या पाण्याचे उभे मूल्य सुमारे १७७ आणि आडवे १०१ येते. एका मोसमाच्या बर्फाचे उभे २५८ आणि आडवे २४३. उभ्यातून आडवे वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. पाण्यासाठी ०.२७ येते, बर्फासाठी ०.०३. या दोन टोकांमध्ये चौकोनाचे गुणोत्तर कुठे बसते, त्यावरून बर्फाचे प्रमाण ठरते. जुना बर्फ ओळखायला ३७ गिगाहर्ट्झची जोड देतात. नासा टीम या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. दुसरी रुळलेली पद्धत बूटस्ट्रॅप. दोन्हींचे उन्हाळी आकडे जुळत नाहीत, तेव्हा एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच धरा.

या मोजमापाची तीन दुखणी अंदाजावर थेट परिणाम करतात. वादळी, दमट हवेत मोकळे पाणीही बर्फासारखे भासते. त्यासाठी हवामानाची गाळणी लावतात, तरी कडेजवळ थोडा खोटा बर्फ राहतोच. किनाऱ्याच्या चौकोनात जमीन आणि पाणी एकत्र येते, आणि जमिनीची दीप्ति बर्फासारखी असल्याने ऑगस्टमध्ये रिकाम्या किनाऱ्यालगत बर्फाची पट्टी उमटते. तिसरे दुखणे वितळपाण्याच्या डबक्यांचे. जून-जुलैत बर्फावर साचलेले पाणी उपकरणाला समुद्रासारखेच दिसते, त्यामुळे प्रमाण खऱ्यापेक्षा कमी येते. विस्ताराला १५ टक्क्यांची मर्यादा असल्याने त्याला हा धक्का कमी बसतो, क्षेत्रफळाला जास्त. पुढे याच दोषाचा आपण उपयोग करून घेणार आहोत.

माहिती उतरवणे आणि स्वच्छ करणे

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरी असलेल्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरच्या, म्हणजे एनएसआयडीसीच्या, ‘सी आइस इंडेक्स’ या संचापासून सुरुवात करा. संचाचा क्रमांक जी०२१३५. उत्तर गोलार्धाच्या विभागात बारा महिन्यांच्या बारा सीएसव्ही फाइली, रोजच्या विस्ताराची एक फाइल आणि समुद्रवार आकड्यांच्या एक्सेल फाइली मिळतात. सगळे आकडे दशलक्ष चौरस किलोमीटरमध्ये असतात.

फाइल उघडल्यावर पहिली अडचण स्तंभांच्या नावांची येते. स्वल्पविरामानंतर मोकळ्या जागा सोडलेल्या असल्याने नावाच्या सुरुवातीला रिकामी जागा चिकटते, आणि ‘असा स्तंभ नाही’ असा संदेश येतो. वाचतानाच सुरुवातीच्या मोकळ्या जागा गाळण्याचा पर्याय लावा. रोजच्या फाइलीची दुसरी ओळ एककांची असते. ती वगळली नाही तर अख्खा स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो आणि सरासरीच निघत नाही.

नंतर गाळलेल्या नोंदी. जिथे माहिती नाही तिथे उणे ९९९९ लिहिलेले असते. डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ या काळात उपकरणात खंड पडला होता, तिथे हा आकडा भेटतो. तो तसाच राहिला तर कलरेषा, म्हणजे वर्षानुवर्षांचा कल दाखवणारी रेषा, एकदम पाताळात जाते. एसएमएमआर एक दिवसाआड मोजायचे, म्हणून १९८७च्या ऑगस्टपर्यंतच्या रोजच्या नोंदीतले मधले दिवस आजूबाजूच्या दोन दिवसांवरून भरा.

नकाशे वापरणार असाल तर जिओटिफ, म्हणजे स्थानाच्या माहितीसह येणाऱ्या नकाशाचित्रांच्या, फाइलींतले संकेतांक पाहून घ्या. बर्फाचे प्रमाण ० ते १००० असे असते, म्हणजे १० ने भागल्यावर टक्के. पण २५१० म्हणजे ध्रुवाभोवतीचे न दिसलेले वर्तुळ, २५३० किनारा, २५४० जमीन आणि २५५० गहाळ माहिती. हे वगळले नाहीत तर एखाद्या समुद्राचे सरासरी प्रमाण १८० टक्के निघते. असे अशक्य आकडे लगेच पकडता येतात. जिथे मोजकेच किनारी चौकोन घुसलेले असतात तिथे सरासरी ७० ऐवजी ७८ येते आणि कोणाला संशयही येत नाही. म्हणून १००० पेक्षा मोठे सगळे आधीच रिकामे करून टाका.

ध्रुवाभोवतीचे हे वर्तुळ फसवे आहे. उपग्रहाची कक्षा थेट ध्रुवावरून जात नाही. एसएमएमआरला साधारण ८४.५ अंशांपलीकडचे दिसत नसे, एसएसएम/आयला ८७.२ अंशांपलीकडचे, आणि एसएसएमआयएसला जेमतेम शेवटचा अंश दिसत नाही. न दिसलेला भाग त्या क्रमाने १.१९, ०.३१ आणि ०.०२९ दशलक्ष चौरस किलोमीटर. विस्तार मोजताना हा भाग बर्फाने भरलेला धरतात. क्षेत्रफळाच्या स्तंभात तो अजिबात धरत नाहीत. त्यामुळे १९८७च्या उन्हाळ्यात आणि २००८च्या आरंभी क्षेत्रफळाच्या आलेखात पायरी दिसते. ती बर्फाची वाढ नव्हे. सगळ्या वर्षांसाठी ८४.५ अंशांपलीकडचा भाग वगळून क्षेत्रफळ स्वतः मोजले की पायरी नाहीशी होते.

मोजताना प्रत्येक चौकोनाचे खरे क्षेत्र वापरा. ध्रुवीय स्टिरिओग्राफिक, म्हणजे ध्रुव मध्यभागी धरून सपाट केलेल्या नकाशाच्या, जाळीत कागदावरचे चौकोन सारखे असले तरी जमिनीवर ते सुमारे ३८२ ते ६६४ चौरस किलोमीटरपर्यंत बदलतात. चौकोनांच्या क्षेत्राची फाइल एनएसआयडीसीच देते.

फाइलीचे नाव आज्ञावलीत कायमचे लिहून ठेवू नका. २०२५च्या जूनमध्ये एसएसएमआयएस असलेल्या लष्करी उपग्रहांची माहिती थांबवण्याची घोषणा झाली, मग मुदत वाढली, आणि मुख्य भार एएमएसआर-२कडे नेण्याचे काम सुरू झाले. उपकरण बदलले की आवृत्ती बदलते, नाव बदलते आणि आकडेही किंचित सरकतात. ४५ वर्षांहून लांबीची ही नोंद पृथ्वीच्या हवामानाच्या सर्वांत मोलाच्या नोंदींपैकी एक आहे. तिची आजची प्रत तारीख घालून स्वतःकडे जपून ठेवा.

आधी दोन साधे अंदाज

हुशार पद्धतीकडे जाण्याआधी जिला हरवायचे ती साधी पद्धत तयार ठेवा. १९८१ ते २०१०ची सप्टेंबर सरासरी ६.४१ दशलक्ष चौरस किलोमीटर आहे. तिच्याशी तुलना करून ‘आमचा अंदाज सरासरीपेक्षा सरस’ असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण बर्फ त्या पातळीच्या कितीतरी खाली गेला आहे.

पहिला खरा प्रतिस्पर्धी म्हणजे कलरेषा. १९७९पासून गेल्या वर्षापर्यंतचे सप्टेंबर घ्या, सरळ रेषा बसवा आणि ती यंदापर्यंत वाढवा. संपूर्ण नोंदीवर ही घट दर दशकाला सुमारे १२ टक्के येते, म्हणजे वर्षाला साधारण ७७,००० चौरस किलोमीटर: दरवर्षी पाव महाराष्ट्र. मात्र ही घट एकसारखी झालेली नाही. २००७नंतरच्या सप्टेंबरांत चढउतार मोठे आहेत, पण ठळक उतार दिसत नाही. २०१२पर्यंतच्या वर्षांवर रेषा बसवून ती पुढे वाढवली, तर पुढची बहुतेक वर्षे तिच्या वर पडतात. फक्त शेवटची २० वर्षे घेतली तर उतार जवळजवळ सपाट येतो, पण एखाद-दुसऱ्या वर्षाने तो फिरतो. दोन्ही रेषा काढून त्यांची सरासरी घेणे हा व्यवहारी मार्ग आहे. सुंदर दिसते म्हणून वक्ररेषा बसवू नका. २०१२नंतर अशा वक्ररेषांनी काही वर्षांतच बर्फ शून्यावर नेला होता.

दुसरा प्रतिस्पर्धी: महिन्याचा फरक पुढे नेणे. जुलैच्या विस्ताराची स्वतःची कलरेषा काढा. यंदाचा जुलै तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते पाहा. मागच्या वर्षांत जुलैच्या अशा फरकाचा कितवा हिस्सा सप्टेंबरपर्यंत टिकला, ते समाश्रयणाने (रिग्रेशनने) काढा आणि तेवढाच हिस्सा पुढे न्या. उदाहरणादाखल मानलेले आकडे घेऊ. सप्टेंबरची कलरेषा ४.४० सांगते, जुलै आपल्या रेषेखाली ०.३० आहे, आणि गुणांक ०.८ निघाला. अंदाज ४.४० वजा ०.२४, म्हणजे ४.१६. जूनचा गुणांक याहून कमी निघेल, मार्चचा शून्याच्या आसपास. तो तसा का, हे समजले की अर्धे काम झाले.

जो बर्फ वितळणारच आहे, तो मोजू नका

मार्चच्या १४-१५ दशलक्षांत ओखोत्स्क समुद्र, बेरिंग समुद्र, बॅफिन उपसागर, लॅब्राडोरचा किनारा आणि हडसन उपसागर यांतला बर्फ धरलेला असतो. हा बर्फ थंडी कडक असो वा सौम्य, सप्टेंबरपर्यंत जातोच. ओखोत्स्कवर हिवाळ्यात वारा कुठून वाहिला, याचा आणि सप्टेंबरमध्ये ध्रुवाजवळ काय उरेल याचा फारसा संबंध नाही. २०२५च्या २२ मार्चला विस्तार १४.३३ दशलक्ष होता, तोपर्यंतच्या उपग्रह नोंदीतला सर्वांत कमी हिवाळी उच्चांक. लगेच विक्रमी उन्हाळ्याची भाकिते सुरू झाली. सप्टेंबरचा नीचांक ४.६० आला, क्रमवारीत दहाव्या जागेच्या बरोबरीने.

उलट ध्रुवाभोवतीच्या मध्य भागात आणि कॅनडाच्या द्वीपसमूहाच्या उत्तरेला बर्फ बहुधा टिकतोच. सप्टेंबरचा आकडा वर-खाली करणारा बर्फ यांच्या मधल्या कड्यात असतो: ब्यूफोर्ट, चुक्ची, पूर्व सैबेरियन, लापतेव्ह आणि कारा हे पाच समुद्र. समुद्रवार फाइलीतून हे पाच निवडा, त्यांची बेरीज घ्या आणि एकूण विस्ताराच्या जागी हीच बेरीज वापरा. जूनअखेरच्या अंदाजात हा बदल फार उपयोगी पडतो, कारण एकूण आकड्यात तेव्हा हडसन आणि बॅफिनचा निरुपयोगी बर्फ मिसळलेला असतो.

आणखी एक पाऊल. जूनमध्ये या समुद्रांचा विस्तार जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. ७० टक्के बर्फाचा चौकोन आणि ९५ टक्क्यांचा चौकोन विस्तारात सारखाच मोजला जातो, त्यामुळे वर्षावर्षांतला फरक विस्तारात उमटतच नाही. क्षेत्रफळात तो दिसतो. डबक्यांमुळे क्षेत्रफळ कमी मोजले जाते, हा मोजमापाचा दोष खरा. पण डबके असो की खरी फट, दोन्ही ऊन शोषतात. ताजा हिम ८० टक्क्यांवर प्रकाश परत फेकतो, उघडा बर्फ ५० ते ६५, डबके साधारण २० ते ४०, आणि मोकळे पाणी जेमतेम ६-७ टक्के. २१ जूनच्या आसपास तिथे सूर्य मावळतच नाही. त्या आठवड्यांत जिथे पृष्ठभाग काळवंडला, तिथे शोषलेली उष्णता पुढे ऑगस्टपर्यंत बर्फ खात राहते. म्हणून मे-अखेर ते जून या काळातले कमी प्रमाण, ते कोणत्याही कारणाने दिसत असो, चांगला पूर्वसंकेत ठरते. वितळ सुरू होण्याआधी हा संकेतच नसतो, आणि मेपूर्वी दिलेले अंदाज एकदम कमजोर पडतात ते बरेचसे याच कारणाने.

जाडी: उपयोगी, पण जपून

दीड मीटर आणि तीन मीटर जाडीचा बर्फ सूक्ष्मलहरींना सारखाच दिसतो. एका मोसमात तयार झालेला बर्फ एप्रिलपर्यंत साधारण दीड-दोन मीटर होतो, आणि उन्हाळ्यात तेवढा वितळूही शकतो. तेव्हा जाडी कळणे महत्त्वाचे. त्यासाठी युरोपचा क्रायोसॅट-२, एप्रिल २०१०पासून, रडारने आणि नासाचा आइससॅट-२, सप्टेंबर २०१८पासून, लेसरने पृष्ठभागाची उंची मोजतो. पाण्यावर बर्फ किती वर आला आहे ते मोजून तरंगण्याच्या नियमाने जाडी काढतात.

हिशेब एकदा हाताने करून पाहा. पाण्याची घनता १०२४, बर्फाची ९१७, वरच्या हिमाची ३२० किलो प्रति घनमीटर धरा. बर्फ पाण्यावर २० सेंटिमीटर, त्यावर हिमाचा थर २५ सेंटिमीटर. १०२४ गुणिले ०.२० म्हणजे २०४.८, अधिक ३२० गुणिले ०.२५ म्हणजे ८०; बेरीज २८४.८. ती १०७ ने भागा, कारण पाणी आणि बर्फ यांच्या घनतेतला फरक तेवढा. जाडी आली २.६६ मीटर. आता उंची मोजण्यात फक्त ५ सेंटिमीटरची चूक झाली असे धरा. जाडी सुमारे ४८ सेंटिमीटरने बदलते. हिमाच्या थराचा अंदाज १० सेंटिमीटरने चुकला तर आणखी ३० सेंटिमीटर. आणि हिमाची जाडी बरीच वर्षे सोव्हिएत तरंगत्या केंद्रांच्या १९५४ ते १९९१मधल्या नोंदींवरून धरली जात होती. एकेका चौकोनाच्या जाडीवर विसंबू नये, अख्ख्या समुद्राची सरासरी घ्यावी, ती यासाठी.

पातळ बर्फाला स्मॉस उपग्रह चांगला. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संयुक्त संचात क्रायोसॅट-२ आणि स्मॉस एकत्र मिळतात, ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात डबक्यांमुळे रडार फसते, म्हणून शेवटची भरवशाची नोंद एप्रिलची. १५-१६ वर्षांच्या या मालिकेवर स्वतंत्र गुणांक बसवू नका. कलरेषेचा अंदाज कोणत्या बाजूला झुकवायचा, एवढ्यापुरता तिचा वापर करा. १९७९पासूनची जाडी हवी असेल तर वॉशिंग्टन विद्यापीठाचे पायोमास आहे, पण ते प्रारूप आहे, मोजमाप नव्हे.

भूतकाळात जाऊन परीक्षा

आता सप्टेंबरचा आकडा तीन गोष्टींनी बांधा: कलरेषा, पाच समुद्रांतल्या जून किंवा जुलैच्या क्षेत्रफळाचा कलापासूनचा फरक, आणि हवे असल्यास पायोमासची एप्रिलची जाडी. याहून जास्त घटक नकोत. हाती ४५-४७ सप्टेंबरच आहेत. दहा घटक घातले तर जुनी वर्षे हुबेहूब जुळतील आणि पुढचे वर्ष साफ चुकेल.

परीक्षा अशी घ्या. २०००पासून सुरुवात करा. फक्त १९७९ ते १९९९ची माहिती वापरून कलरेषा, फरक आणि गुणांक काढा, २०००चा अंदाज लिहून ठेवा. मग २०००ची माहिती आत घेऊन २००१चा. असे गेल्या वर्षापर्यंत या. शेवटी चुकांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्या, आणि आधीच्या दोन साध्या अंदाजांशी तुलना करा.

इथे भविष्य चोरून आत येते, बहुतेक वेळा अजाणता. सर्वांत नेहमीची वाट: कलापासूनचे फरक आधीच संपूर्ण मालिकेवरून काढून ठेवणे. मग २००५चा अंदाज देणाऱ्या सूत्राला २०१२ची घसरण रेषेच्या उतारातून माहीत असते. दुसरी वाट, सगळ्या वर्षांवरून नकाशा काढून ‘जिथे सहसंबंध जास्त’ ते चौकोन निवडणे. तिसरी तारखेची. १० जुलैला दिलेल्या अंदाजात जुलैची सरासरी असूच शकत नाही. तिथे जूनची घ्या किंवा रोजच्या फाइलीतून ९ जुलैपर्यंतची. परीक्षेतली चूक निम्म्यावर आली तर आनंद करण्याआधी या तिन्ही वाटा तपासा.

अपेक्षा किती ठेवावी? कल काढून टाकल्यावर सप्टेंबरचा वर्षावर्षांतला चढउतार साधारण अर्धा दशलक्ष चौरस किलोमीटर आहे. जुलैअखेरचा चांगला अंदाज याहून स्पष्टपणे कमी चूक करतो, जूनअखेरचा थोडीशीच कमी. २०१२मध्ये आउटलुकमधले बहुतेक अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होते, २०१३मध्ये कमी. २०१२च्या ऑगस्टच्या आरंभी मध्य आर्क्टिकवर मोठे चक्रीवादळ आले, केंद्रात दाब ९६६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला आणि आधीच पातळ झालेला बर्फ फुटून झपाट्याने गेला. जूनमधल्या कोणत्याही समीकरणाला ते वादळ ठाऊक असणे शक्य नव्हते. अशी वर्षे ‘अपवाद’ म्हणून परीक्षेतून काढू नका. चुकीचा खरा पल्ला त्यांच्यामुळेच कळतो.

म्हणून आकडा पल्ल्यासकट द्या. वरच्या उदाहरणात परीक्षेतली चूक ०.४२ निघाली असे मानू. तर अंदाज ४.१६, आणि ९५ टक्के शक्यतेचा पल्ला सुमारे ३.३ ते ५.०. रुंद वाटतो, पण आहे तो असा आहे.

नकाशा आणि यंत्रशिक्षण

जहाजांना एकूण आकड्याचा उपयोग नसतो. त्यांना कड कुठे असेल ते हवे असते. त्यासाठी प्रत्येक चौकोनात १५ टक्क्यांवर बर्फ असण्याची शक्यता काढतात. परीक्षा घेताना जिथे बर्फ सांगितला पण नव्हता आणि जिथे होता पण सांगितला नाही, या दोन्ही क्षेत्रांची बेरीज करा. लापतेव्हमध्ये जास्त आणि ब्यूफोर्टमध्ये तेवढाच कमी सांगितला, तर एकूण आकडा तंतोतंत जुळतो आणि नकाशा साफ चुकतो. ही बेरीज ते उघड करते.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि अ‍ॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट यांनी २०२१मध्ये मांडलेले आइसनेट हे मज्जाजालावर (न्यूरल नेटवर्कवर) आधारित प्रारूप सहा महिने पुढचे असे शक्यतानकाशे देते. नोंदीतली वर्षे थोडी, ही अडचण त्यांनी आधी हवामान-प्रारूपांच्या हजारो वर्षांच्या नकली माहितीवर शिकवून आणि नंतर खऱ्या उपग्रहमाहितीवर घोटून सोडवली. त्याची आज्ञावली खुली आहे. फक्त खऱ्या नोंदींवर स्वतःचे खोल जाल शिकवायला बसलात, तर ते बहुधा कलरेषाच पाठ करते.

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. या विषयात पुढे शिकू पाहणाऱ्याने त्याच्या कामावर लक्ष ठेवावे. भारताचे हिमाद्री केंद्र २००८पासून स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडला आहे, आणि २०१४पासून शेजारच्या काँग्सफियॉर्डमध्ये पाण्याखालची वेधशाळाही आहे. तिथली माहिती वापरताना एक पथ्य पाळा. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचे उबदार पाणी लागते. तिथला बर्फ पूर्व सैबेरियन समुद्राच्या बर्फाचा नमुना म्हणून चालत नाही.

निकाल लागल्यावर

अंदाज देताना तारीख, वापरलेल्या फाइलीची आवृत्ती, शेवटच्या नोंदीचा दिवस आणि पल्ला एका मजकूर फाइलीत लिहा, आणि नंतर तिला हात लावू नका. सप्टेंबरची सरासरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिळते, पण ती तातडीच्या प्रक्रियेतून आलेली असते. काही महिन्यांनी अंतिम प्रक्रियेचे आकडे तिची जागा घेतात आणि दुसऱ्या दशांशात बदल होतो. पडताळणी दोन्ही आकड्यांशी करा आणि दोन्ही नोंदवा. चूक पल्ल्याच्या आत असेल तर सूत्र बदलू नका, कितीही मोह झाला तरी. बाहेर गेली तर समुद्रवार फाइल उघडून पाहा. चूक एकाच समुद्रातून आली असेल तर तिथल्या ऑगस्टच्या वाऱ्याचा आणि दाबाचा नकाशा काढा. पाचही समुद्रांत एकाच दिशेने असेल तर संशय कलरेषेवर घ्या, आणि पुढच्या जूनआधी रेषेची वर्षे नव्याने निवडून परीक्षा २०००पासून पुन्हा चालवा.